विश्लेषण : १५ वॉटचा ॲम्प आणि २५ वर्षांचे आयुष्य… गिटारला ‘सोलो’ मिळवून देणारा चार्ली ख्रिश्चन कोण होता?

ट्यूब ॲम्प्लिफायरवर गिटार वाजवणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास असतो. साथ करताना आवाज बेताचा हवा आणि सोलोची पाळी आली की तोच आवाज सगळ्यांच्या वर यायला हवा. हे जमवायचे कसे? आजच्या काही ॲम्पमध्ये त्यासाठी ‘पॉवर मोड’चा खटका असतो. साथीला ५० वॉट, सोलोला १०० वॉट. कागदावर ताकद दुप्पट होते, पण ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटत नाही. हा प्रश्न नवा नाही. सुमारे ८५ वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय तरुणाने, साधारण १५ वॉटच्या ट्यूब ॲम्पवर, तो आपल्या पद्धतीने सोडवला होता. त्याचे नाव चार्ली ख्रिश्चन. मोठ्या बँडबरोबर तो जेमतेम पावणेदोन वर्षे वाजवू शकला. पण त्यानंतर गिटारची जागा कायमची बदलली. ती कशी, याचा हा वेध.

गिटार मागच्या रांगेत का होती?

१९३० च्या दशकात अमेरिकेत ‘बिग बँड’चा जमाना होता. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांची फौज, जोडीला पियानो, डबल बास आणि ड्रम्स. पंधराएक वादक एकाच वेळी वाजवत असत आणि समोर शेकडो माणसे नाचत असत. या गलबल्यात लाकडी गिटारचा आवाज पोहोचणार कुठवर? तारेचा झंकार उठतो आणि लगेच विरतो. फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा दम त्याला नसतो.

त्यामुळे बिग बँडमध्ये गिटारवादकाचे काम ठरलेले होते. प्रत्येक मात्रेला एक कॉर्ड ठोकायची आणि ठेका धरून ठेवायचा. काउंट बेसी यांच्या बँडमधील फ्रेडी ग्रीन यांनी हे काम अत्यंत उत्तम रीतीने आयुष्यभर केले. ती गिटार कानाला वेगळी कळत नसे, पण थांबली असती तर लगेच जाणवले असते. सोलोची गोष्ट निराळी. एडी लँग, जँगो राइनहार्ट यांच्यासारखे सोलो वाजवणारे गिटारवादक होते. परंतु त्यांना एक तर लहान संचात वाजवावे लागे, नाही तर मायक्रोफोनच्या अगदी जवळ बसावे लागे. गिटारवादक कितीही तयारीचा असला तरी पंधरा वादकांसमोर त्याचे म्हणणे ऐकू येण्याची सोय नव्हती.

चार्ली ख्रिश्चनचे बालपण कसे गेले?

चार्लीचा जन्म २९ जुलै १९१६ रोजी टेक्सासमधील बॉनम या गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमा सिटीला आले. वडील क्लॅरेन्स यांची दृष्टी आजारपणात गेली होती. गाणेबजावणे हेच पोटापाण्याचे साधन. वडील आणि मुले शहरातील सुखवस्तू वस्त्यांमध्ये जाऊन रस्त्यावर गात-वाजवत आणि मिळेल त्यावर घर चाले. चार्ली सुरुवातीला या मेळ्यात नाचायचा, पुढे गिटार वाजवू लागला. तो १२ वर्षांचा असताना वडील वारले. त्यांची वाद्ये त्याच्याकडे आली.

वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असत. चार्ली डग्लस शाळेत गेला. तिथे झेलिया ब्रो या संगीत शिक्षिका होत्या. त्यांनी या शाळेतून संगीतकारांची एक पिढी घडवली. पुढे ‘इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी लिहून गाजलेले राल्फ एलिसन हेही याच शाळेचे विद्यार्थी. त्यांनी चार्लीवर नंतर एक लेख लिहिला. चार्ली शाळेत सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून गिटारी बनवायचा आणि त्या वाजवून मुलांना थक्क करायचा, अशी आठवण त्यांनी त्यात नोंदवली आहे.

थोरला भाऊ एडवर्ड याचा स्वतःचा बँड होता. धाकटा चार्ली काय वाजवू शकतो, याची त्याला म्हणे कल्पनाच नव्हती. एका स्थानिक गिटारवादकाने चार्लीची गुपचूप तयारी करून घेतली आणि एका रात्री, सगळे जाणते वादक जमलेले असताना त्याला वाजवायला उभे केले. त्यासाठी जी तीन गाणी त्याच्याकडून घोटून घेतली होती, त्यांत ‘रोझ रूम’ हे एक होते, असे सांगितले जाते. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे याच गाण्याने त्याचे नशीब फिरले.

‘ईएस-१५०’ म्हणजे नेमके काय?

विजेवरची गिटार चार्लीने शोधली नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची विजेवरची गिटार बाजारात आणली होती. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने छातीशी धरून वाजवायची नेहमीच्या आकाराची गिटार आणली. तिचे नाव ‘ईएस-१५०’. ईएस म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’ आणि १५० हा गिटार व ॲम्प मिळून असलेल्या किमतीचा आकडा, डॉलरमध्ये. मंदीच्या त्या काळात ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. एडी ड्युरम, जॉर्ज बार्न्स अशा काही वादकांनी चार्लीच्या आधीच विजेच्या गिटारवर रेकॉर्डिंग केले होते. चार्लीने १९३७ च्या सुमारास ती हाती घेतली.

या गिटारचे मर्म तिच्या पिकअपमध्ये होते. तारांखाली पोलादी पात्यासारखी एक पट्टी, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि गिटारच्या पोटात लपवलेले जड चुंबक अशी त्याची रचना. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात अतिशय क्षीण वीजप्रवाह तयार होतो. तारेचा सूर असा विजेच्या रूपात येतो. तो ॲम्पकडे जातो, तिथे मोठा होतो आणि लाउडस्पीकरमधून पुन्हा आवाज होऊन बाहेर पडतो. गिटारवर आवाजासाठी एक आणि टोनसाठी एक अशी दोन बटणे होती. म्हणजे वाजवता वाजवता, उजव्या हाताच्या बोटांनी, आवाज कमी-जास्त करण्याची सोय वादकाकडे आली. साथ आणि सोलो यांतील अंतर ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदाच त्याच्या हातात आला.

हा पिकअप पुढे ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. आजही त्या धर्तीचे पिकअप बनवले जातात.

ट्यूब ॲम्प काम कसे करतो?

जुन्या घरांतील व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच समजेल. रेडिओ लावला की थोडा वेळ काहीच होत नसे. आतले काचेचे दिवे तापून तांबूस झाले की मग आवाज येई. हे दिवे म्हणजेच व्हॅक्यूम ट्यूब. ट्यूबमधील हवा काढून घेतलेली असते. आत एक भाग तापवला जातो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दुसऱ्या टोकाच्या प्लेटकडे धावतात. मधे एक जाळी असते. गिटारकडून आलेला क्षीण प्रवाह या जाळीवर सोडला की ती इलेक्ट्रॉनच्या मोठ्या लोंढ्याला कमी-जास्त वाट देते. थोडक्यात, नळाची तोटी हलवायला ताकद लागत नाही, पण तिच्यामुळे पाण्याचा मोठा झोत हलतो. तसेच हे.

चार्लीच्या गिटारसोबतचा ‘ईएच-१५०’ ॲम्प दिसायला सुटकेससारखा, कापडी आवरणाचा होता. ताकद साधारण १५ वॉट. आज शिकाऊ मुलांच्या घरीही एवढ्या वॉटचे ॲम्प दिसतात. ट्यूबला तिच्या मर्यादेपर्यंत ताणले की सुराच्या कडा किंचित गोल होतात, आवाजात थोडी ऊब आणि बारीकशी खरखर येते. चार्लीच्या रेकॉर्डमध्ये ती ऐकू येते. त्या काळी तो यंत्राचा दोष समजला जाई. पुढच्या पिढ्यांनी तोच आवाज मुद्दाम मिळवायला सुरुवात केली.

बिस्मार्कमध्ये काय घडले?

१९३८ मध्ये चार्ली अल्फान्सो ट्रेंट यांच्या संचाबरोबर उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशात, नॉर्थ डाकोटा राज्यातील बिस्मार्क शहरात वाजवत होता. तिथल्या मेरी ऑस्बर्न या तरुण गिटारवादक त्याला ऐकायला गेल्या. दारातून आत शिरताना त्यांना जे ऐकू आले, ते टेनर सॅक्सोफोन आहे असेच त्यांना वाटले. आत जाऊन पाहतात तर एक सडपातळ मुलगा गिटार घेऊन बसलेला. त्यांनीही लवकरच विजेवरची गिटार घेतली आणि पुढे जॅझ गिटारवादक म्हणून नाव कमावले.

त्यांचा हा गैरसमज फार बोलका आहे. चार्ली नुसता मोठ्याने वाजवत नव्हता. तो गिटारकडून गिटारचे वाजवणेच काढून घेत होता. लेस्टर यंग यांच्या सॅक्सोफोनवादनाचा त्याच्यावर खोल ठसा होता. कॉर्ड ठोकण्याऐवजी तो एकेका सुराची लांब, वळणे घेत जाणारी ओळ वाजवायचा. जणू फुंकणारा माणूस एका श्वासात वाक्य पुरे करतो आहे. ॲम्पमुळे सूर टिकू लागला होता. पण टिकणाऱ्या सुराचे काय करायचे, हे चार्लीला आधीच ठाऊक होते.

गुडमन यांच्या मंचावर तो कसा पोहोचला?

पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी चार्लीचे नाव जॉन हॅमंड यांच्या कानावर घातले. हॅमंड हे त्या काळचे नावाजलेले निर्माते आणि गुणी कलाकार शोधून काढणारे रसिक. १९३९ च्या उन्हाळ्यात ते ओक्लाहोमा सिटीला गेले, चार्लीला ऐकले आणि बेनी गुडमन यांनी त्याला ऐकावेच असा आग्रह धरला. क्लॅरिनेटवादक गुडमन तेव्हा स्विंग संगीताचे सम्राट मानले जात. १६ ऑगस्ट १९३९ रोजी चार्ली लॉस एंजेलिसला पोहोचला.

पहिली भेट फसली. गुडमन घाईत होते, विजेवरच्या गिटारबद्दल त्यांना उत्सुकता नव्हती. ॲम्प न जोडताच चार्लीला थोडेसे वाजवायला सांगितले गेले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला आणले होते, तीच ऐकली गेली नाही. त्या रात्री बेव्हर्ली हिल्समधील ‘व्हिक्टर ह्यूगो’ या रेस्तराँमध्ये गुडमन यांचा कार्यक्रम होता. हॅमंड यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, मध्यंतरात गुडमन जेवायला गेले असताना त्यांनी आणि बासवादक आर्टी बर्नस्टीन यांनी चार्लीचा ॲम्प गुपचूप मंचावर नेऊन ठेवला. गुडमन परतले तर हा पोरगा मंचावर बसलेला. ते नाराज झाले. पण समोर प्रेक्षक होते. त्यांनी एक गाणे पुकारले. या नवख्याला ते येत नसेल, असा त्यांचा होरा असावा. ते गाणे होते ‘रोझ रूम’.

चार्लीला ते पाठ होते. त्याची पाळी आली तशी त्याने एकामागून एक आवर्तने वाजवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी नवे काही. गुडमन उत्तर देत, तो पुन्हा पुढे जाई. तीनेक मिनिटांत संपणारे ते गाणे त्या रात्री पाऊण तास चालले, असे सांगतात. कार्यक्रम संपला तेव्हा चार्लीला नोकरी मिळाली होती. एका रात्रीचे अडीच डॉलर मिळवणारा हा वादक आठवड्याला १५० डॉलरवर गेला. गिटार आणि ॲम्पची मिळून जी किंमत होती, तेवढा आता त्याचा आठवड्याचा पगार होता.

वर्णभेदाच्या काळात हे कसे शक्य झाले?

१९३९ च्या अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एकाच मंचावर वाजवणे ही साधी गोष्ट नव्हती. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९४७ मध्ये. गुडमन यांनी मात्र त्याच्या बरेच आधी पियानोवादक टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवादक लायनेल हॅम्प्टन यांना आपल्या लहान संचात घेतले होते. चार्ली याच वाटेने आला. मंचावर संगत होती, पण दौऱ्यावर असताना, विशेषतः दक्षिणेत, कृष्णवर्णीय वादकांना राहण्या-जेवण्याची वेगळी सोय पाहावी लागे. ज्याच्या सोलोला टाळ्या पडत, त्याला त्याच शहरातील अनेक हॉटेलांचे दार बंद असे.

या पार्श्वभूमीवर सोलो या शब्दाला निराळे वजन येते. सगळे थांबून एकाचे ऐकतात, तो सोलो. ज्याचे एरवी ऐकले जात नव्हते, त्याचे मंचावर ऐकावेच लागे.

सोलो ऐकू येण्याचे रहस्य काय होते?

२ ऑक्टोबर १९३९ रोजी बेनी गुडमन सेक्स्टेटचे पहिले रेकॉर्डिंग झाले. ‘फ्लाइंग होम’, ‘रोझ रूम’ आणि ‘स्टारडस्ट’ ही गाणी त्यात होती. या रेकॉर्ड ऐकल्या की काही गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट जागेची. सेक्स्टेटमध्ये सहाच वादक. क्लॅरिनेट, व्हायब्राफोन, गिटार, पियानो, बास, ड्रम्स. गिटार जिथे वाजते, त्या मधल्या पट्टीत गर्दी नव्हती. ट्रम्पेटची फौज डोक्यावर नव्हती. चार्ली सोलोला आला की बाकीचे आपसूक खाली येत.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. गाण्याची मुख्य धून गिटार आणि क्लॅरिनेट एकत्र वाजवत. गिटार ही फक्त ठेका धरणारी राहिली नाही, फुंकवाद्यांच्या पंगतीत बसली.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या ढंगाची. चार्ली सलग वाजवत सुटत नसे. एक वाक्य, मग थोडी उसंत, मग पुढचे वाक्य. त्या उसंतीमुळे पुढचा सूर उठून दिसे.

४ मार्च १९४१ रोजी तर ‘सोलो फ्लाइट’ ही रचना रेकॉर्ड झाली. यात मागे गुडमन यांचा अख्खा ऑर्केस्ट्रा आणि पुढे चार्लीची गिटार. जे वाद्य पाच-सहा वर्षांपूर्वी या गर्दीत ऐकूही आले नसते, ते आता सबंध ऑर्केस्ट्राला आपल्यामागे घेऊन चालत होते. डिसेंबर १९३९ मध्ये ‘डाउन बीट’ या संगीतविषयक नियतकालिकात चार्लीच्या नावाने एक लेखही छापून आला होता. गिटारवादकांनी विजेची साथ घ्यावी आणि मागच्या रांगेतून पुढे यावे, असा त्याचा आशय होता.

आजच्या ‘पॉवर मोड’शी याचा संबंध काय?

आज अनेक ट्यूब ॲम्पमध्ये ताकद बदलण्याचा खटका असतो. त्याचे दोन प्रकार जास्त दिसतात. पहिल्या प्रकारात शेवटच्या टप्प्यातील चार पॉवर ट्यूबपैकी दोन बंद होतात आणि १०० वॉटचा ॲम्प सुमारे ५० वॉटचा होतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पॉवर ट्यूबच्या आतली एक जाळी प्लेटशी जोडली जाते. याला ‘ट्रायोड मोड’ म्हणतात. त्यात ताकद निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि आवाज थोडा मऊ होतो. काही ॲम्पमध्ये प्रत्येक चॅनेलला वेगळी ताकद ठरवून ठेवता येते. साथीच्या चॅनेलला कमी वॉट, सोलोच्या चॅनेलला जास्त वॉट आणि बदलायला पायाखाली बटण.

सोलोसाठी हा उपाय सरळ वाटतो. पण आपला कान वॉट मोजत नाही. ताकद दुप्पट केली की आवाजात फक्त ३ डेसिबलची वाढ होते. हा फरक कळतो, पण तो मोठा नसतो. आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. या हिशेबाने चार्लीचा १५ वॉटचा ॲम्प आणि आजचा १०० वॉटचा ॲम्प यांत, स्पीकर तोच धरला तर, अंतर येते सुमारे ८ डेसिबल. म्हणजे जवळजवळ सातपट ताकद लावूनही आवाज दुप्पट वाटत नाही.

मग खटका निरुपयोगी का? तसे नाही. कमी ताकदीच्या मोडमध्ये ट्यूब लवकर मर्यादा गाठतात. एकदा मर्यादा गाठली की गिटारचे बटण वाढवून आवाज वाढत नाही, फक्त खरखर वाढते. अशा वेळी जास्त ताकदीचा मोड लावला तर सुराला वर जायला मोकळी जागा मिळते, बोटांचा जोर पुन्हा ऐकू येऊ लागतो. हा फायदा खरा आहे. मात्र एवढ्याने सोलो गर्दीच्या वर येईल, अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. त्यासाठी साथीचा आवाज मुळातच खाली ठेवणे, मधल्या पट्टीतील स्वर थोडे पुढे आणणे आणि सोलोच्या वेळी इतरांनी जागा करून देणे जास्त कामी येते. चार्लीच्या रेकॉर्डमध्ये नेमके हेच ऐकू येते. ॲम्पची कमी ताकद तिथे जाणवतही नाही.

मोड बदलताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. काही ॲम्पमध्ये ताकदीचा खटका वाजवता वाजवता बदलायचा नसतो. आधी ॲम्प ‘स्टँडबाय’वर न्यावा लागतो. ट्यूब ॲम्पच्या आत जीवघेणा विद्युतदाब असतो आणि चुकीच्या वापराने ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. म्हणून त्या त्या ॲम्पच्या माहितीपुस्तिकेत दिलेलीच पद्धत पाळायला हवी.

मिंटन्समध्ये काय चालायचे?

गुडमन यांच्याकडचे काम संपले की चार्ली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, ११८ व्या रस्त्यावरील ‘मिंटन्स प्लेहाउस’मध्ये जाई. तिथे रात्री उशिरापर्यंत वादकांची मैफल रंगत असे. थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी ही मंडळी तिथे नव्या वाटा शोधत होती. त्यातूनच पुढे ‘बीबॉप’ ही जॅझमधील क्रांती जन्माला आली. चार्लीसाठी तिथे एक ॲम्प कायमचा ठेवलेला असे. गिटार घेऊन यायचे, वायर जोडायची आणि बसायचे.

नाचणाऱ्यांसाठी वाजवताना वेळेचे बंधन होते. इथे ते नव्हते. मे १९४१ मध्ये जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने आपल्या रेकॉर्डिंग यंत्रावर यातील काही मैफली टिपून ठेवल्या. त्यामुळे बंधनमुक्त चार्ली कसा वाजवत होता, हे आज ऐकता येते. एकेका गाण्यावर तो आवर्तनांमागून आवर्तने घेतो, ओळी लांबत जातात, अपेक्षित जागा सोडून भलत्याच मात्रेवर थांबतात. त्याच्या आयुष्यातले हे जवळपास शेवटचे रेकॉर्डिंग.

शेवट कसा झाला?

चार्लीला क्षयरोगाने गाठले होते. मधे काही काळ तो रुग्णालयात राहूनही आला होता. तरी दिवसा प्रवास, रात्री कार्यक्रम आणि त्यानंतर पहाटेपर्यंत मिंटन्स असा दिनक्रम सुटला नाही. जून १९४१ मध्ये दौऱ्यावर असताना त्याची प्रकृती ढासळली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सीव्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात त्याला दाखल करण्यात आले. तिथून तो बाहेर आला नाही. २ मार्च १९४२ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

क्षयावर तेव्हा औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार एवढेच उपचार. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी. आयसोनियाझिड हे औषध तर १९५१-५२ मध्ये ज्या रुग्णालयात रुग्णांना देऊन पाहण्यात आले, ते हेच सीव्ह्यू. बरे होऊ लागलेल्या तिथल्या रुग्णांच्या आनंदाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. चार्लीच्या मृत्यूला तेव्हा दहा वर्षे होत आली होती.

त्याचे दफन त्याच्या जन्मगावी, बॉनममध्ये झाले. त्या जागेवर अनेक दशके नावाची पाटीही नव्हती. १९९४ मध्ये तिथे स्मारकशिळा बसवण्यात आली.

त्याचा वारसा काय?

चार्लीने स्वतःच्या नावाचा बँड काढला नाही. त्याने वाजवलेले जे उरले आहे, ते बहुतेक दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधले सोलो आहे. काही आवर्तने, काही मिनिटे. पण तेवढे पुरेसे ठरले. वेस माँटगोमेरी यांनी तरुणपणी त्याचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून जसेच्या तसे बसवले आणि त्या जोरावर आपली कारकीर्द सुरू केली. ओक्लाहोमाचेच बार्नी केसेल त्याच्या वाटेने गेले. ब्लूजचे बादशहा बी. बी. किंग यांनीही त्याचे ऋण मान्य केले. १९९० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने आद्य प्रेरणास्थान म्हणून त्याचा गौरव केला. रॉक संगीत जन्मण्याच्या कितीतरी आधी गेलेल्या माणसाला मिळालेला हा मान होता.

त्याच्यानंतर ॲम्प मोठे होत गेले. ५० वॉट, १०० वॉट, एकावर एक रचलेले स्पीकर. ताकद बदलणारे खटके आले, पायाखालची बटणे आली. तरीही मंचावरच्या गिटारवादकापुढचा प्रश्न बदललेला नाही. सोलोची वेळ आली की ऐकू कसे जायचे? चार्लीकडे आजच्या मानाने किरकोळ ताकदीचा एक ॲम्प, गिटारवरची दोन बटणे आणि जेमतेम पावणेदोन वर्षे होती. तेवढ्यात त्याने जे सांगायचे ते नीट ऐकू जाईल असे सांगितले. पायाखालचे बटण दाबण्याआधी ‘रोझ रूम’ किंवा ‘सोलो फ्लाइट’ एकदा कानात हेडफोन घालून ऐकले, तर कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त काही हाती लागेल.